अटलांटिकपारचा आवाज : अमेरिकी दूरचित्रवाणीवरील ब्रिटिश फुटबॉल समालोचनाची वाटचाल

३० जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ असे हरवून विश्वचषक जिंकला. तो अंतिम सामना अमेरिकेत एनबीसी वाहिनीने दाखवला. बेसबॉल आणि अमेरिकी फुटबॉल यांच्यावर वाढलेल्या त्या देशातल्या बहुसंख्य प्रेक्षकांनी इंग्लंडच्या मैदानावरचा हा खेळ इतक्या सविस्तर पहिल्यांदाच पाहिला. प्रक्षेपणाला अपेक्षेपेक्षा चांगला प्रतिसाद मिळाला आणि तिथल्या धनिक संघमालकांच्या मनात या खेळाची व्यावसायिक लीग काढण्याच्या कल्पनेने जोर धरला. अमेरिकी दूरचित्रवाणीवर ब्रिटिश फुटबॉल समजावून सांगणाऱ्या समालोचकांच्या परंपरेची सुरुवात याच दिवसापासून धरणे रास्त ठरेल. या परंपरेचे कार्यालय एका ठिकाणी कधीच नव्हते. वाहिन्या आल्या आणि गेल्या, करार झाले आणि संपले, माणसे बदलली. तरी हाती घेतलेले काम एकच राहिले : परक्या भूमीवरचा खेळ आपल्या लोकांना त्याच्या स्वतःच्या शब्दांत समजेल असा सांगायचा.

हे काम पहिल्यापासून शब्दांपाशी अडत होते, आणि त्यात सगळा दोष अमेरिकनांचा नव्हता. ‘सॉकर’ हा शब्द मुळात इंग्लंडचाच. १८६३ मध्ये लंडनला फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. तिच्या नियमांनी खेळल्या जाणाऱ्या खेळाला ‘असोसिएशन फुटबॉल’ म्हणू लागले आणि ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी आपल्या सवयीप्रमाणे त्याचे लाडके रूप ‘सॉकर’ केले. रग्बीचे त्यांनी ‘रगर’ केले होते, तीच ही तऱ्हा. पुढे अनेक दशके हा शब्द ब्रिटनमध्ये सुखाने नांदला. १९६० मध्ये तिथे सुरू झालेल्या मासिकाचे नाव ‘वर्ल्ड सॉकर’ असेच ठेवले गेले. अमेरिकेत १९१३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेच्या नावात मात्र ‘फुटबॉल’ होते. १९४५ मध्ये तिने नावात ‘सॉकर’ जोडले आणि १९७४ मध्ये ‘फुटबॉल’ गाळून टाकले. म्हणजे या परंपरेचा आरंभ झाला तेव्हा दोन्ही देशांत दोन्ही शब्द चालत होते. ‘सॉकर’ म्हणताच नाक मुरडण्याची इंग्लिश सवय त्यानंतरची आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा इतिहास नीट वाचता येतो.

१९६७ हे वर्ष पायाभरणीचे. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत एकाच वेळी दोन व्यावसायिक लीग उभ्या राहिल्या. युनायटेड सॉकर असोसिएशनने खेळाडू जमवण्याच्या खटाटोपात न पडता युरोप आणि दक्षिण अमेरिकेतले अख्खे संघच सुट्टीच्या काळात आणून त्यांना अमेरिकी शहरांची नावे दिली. वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स हा लॉस एंजेलिस वुल्व्हज झाला, स्टोक सिटी हा क्लीव्हलँड स्टोकर्स झाला, तर स्कॉटलंडचा ॲबर्डीन वॉशिंग्टन व्हिप्स या नावाने खेळला. अंतिम सामना वुल्व्हज आणि ॲबर्डीन यांच्यातच झाला आणि जादा वेळेत गेलेली ती लढत वुल्व्हजने ६-५ अशी जिंकली. दुसरी लीग होती नॅशनल प्रोफेशनल सॉकर लीग, आणि दूरचित्रवाणीचा करार तिच्याकडे होता. १६ एप्रिल १९६७ रोजी बाल्टिमोर बेज आणि अटलांटा चीफ्स यांच्या सामन्याने सीबीएसने आपले प्रक्षेपण सुरू केले.

समालोचन कक्षात सीबीएसने दोन माणसे बसवली. एक होते अमेरिकी क्रीडा प्रक्षेपणातले मुरब्बी निवेदक जॅक व्हिटेकर. दुसरे डॅनी ब्लँचफ्लॉवर : उत्तर आयर्लंडचे कर्णधार आणि १९६०-६१ च्या हंगामात लीग व एफए चषक दोन्ही जिंकणाऱ्या टॉटनहॅम हॉटस्परचे नेते. अमेरिकी निवेदक घटना सांगेल आणि ब्रिटिश जाणकार तिचा अर्थ उलगडेल, ही पुढे अर्धशतक टिकलेली जोडीची रचना याच कक्षात घडली. या क्षेत्रात जे काही उभे राहिले त्याचा पहिला दगड म्हणून या दोघांची नोंद व्हायलाच हवी.

ब्लँचफ्लॉवर यांचा स्वभाव स्पष्टवक्तेपणाचा. खेळ सुमार असला की ते तो सुमार आहे असे सरळ सांगत. नव्या लीगचे कौतुक व्हावे अशी अपेक्षा धरून बसलेल्या अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. आपल्यावर आलेल्या दबावाविषयी आणि सत्य एकच असते या आपल्या आग्रहाविषयी ब्लँचफ्लॉवर यांनी १९६८ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकात लिहिले. तो लेख आजही या परंपरेचा पहिला जाहीरनामा म्हणून वाचण्याजोगा आहे. परका खेळ लोकांपर्यंत न्यायचा असेल तर त्याला साखर लावून चालत नाही, ही खूणगाठ ब्लँचफ्लॉवर यांनी बांधून दिली. ती मान्य व्हायला बरीच वर्षे जावी लागली.

अडचणी आणखीही होत्या. अमेरिकी प्रक्षेपणाचा सारा डोलारा जाहिरातींवर उभा, आणि बेसबॉल किंवा अमेरिकी फुटबॉलमध्ये त्यांच्यासाठी मोकळी जागा पावलोपावली मिळते. या खेळात ४५ मिनिटे घड्याळ थांबत नाही. त्यावर तोड म्हणून पंचाला इशारा देऊन खेळ थांबवण्याचा मार्ग निघाला. १९६७ च्या मे महिन्यात एका इंग्लिश पंचाने पत्रकारांपुढे सांगितले, की आपण दिलेल्या २१ फ्री किकपैकी ११ जाहिरातींना वेळ मिळावा म्हणून दिल्या होत्या. मोठा गहजब झाला. त्या काळच्या निवेदकांच्या तोंडी शब्दही आपल्या खेळांचेच असत. गोल न स्वीकारता जिंकणे म्हणजे ‘शटआउट’, जादा वेळ म्हणजे ‘ओव्हरटाइम’, मैदान म्हणजे ‘फील्ड’, बूट म्हणजे ‘क्लीट्स’. प्रेक्षकाला जवळचे वाटावे हा त्यामागचा हेतू प्रामाणिक होता. पण त्या शब्दांबरोबर त्यांच्या मूळ खेळांच्या अपेक्षाही येत. ‘शटआउट’ ऐकलेला प्रेक्षक गोलफलकाकडे पाहत बसे आणि चार बचावपटूंनी एकाच ओळीत सरकत प्रतिस्पर्ध्याची वाट कशी रोखली हे त्याच्या नजरेतून निसटे.

१९६८ मध्ये दोन्ही लीग विलीन होऊन नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग स्थापन झाली. त्याच हंगामानंतर सीबीएसने हात आखडता घेतला. बहुतेक संघ बंद पडले आणि १९६९ मध्ये जेमतेम पाच उरले. लीग जिवंत राहिली ती दोन ब्रिटिश माणसांच्या चिकाटीने : वेल्सचे माजी खेळाडू फिल वूसनम आणि इंग्लिश क्रीडा पत्रकार क्लाइव्ह टॉय. वूसनम आयुक्त झाले. टॉय यांनी पुढे न्यूयॉर्क कॉसमॉस संघाची सूत्रे हाती घेतली आणि १९७५ मध्ये पेले यांना करारबद्ध केले. पाठोपाठ जॉर्ज बेस्ट, बॉबी मूर, रॉडनी मार्श, गॉर्डन बँक्स अशी ब्रिटनमधली बडी नावे अमेरिकेत खेळायला आली. टीव्हीसमोर बसलेल्या अमेरिकी मुलाला इंग्लिश फुटबॉलची पहिली चव अशी त्याच्याच शहरातल्या मैदानावर मिळाली.

याच दशकात आवाजाची खरी शाळा भरली ती सार्वजनिक वाहिनीवर. १९७६ पासून पीबीएसच्या केंद्रांवर ‘सॉकर मेड इन जर्मनी’ हा साप्ताहिक कार्यक्रम दिसू लागला. सामने जर्मन लीगचे, पण समालोचन वेल्सच्या टोबी चार्ल्स यांचे. ब्रिटिश वळणाचे शब्द, शांत लय, मोजका उत्साह आणि मध्ये एकही जाहिरात नाही. १९८८ पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमाने एका अख्ख्या पिढीचा कान घडवला. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या अमेरिकी फुटबॉलप्रेमींच्या आठवणींत चार्ल्स यांचे नाव हटकून येते. या वाटचालीत त्यांचे स्थान कोणत्याही मोठ्या वाहिनीच्या मुख्य समालोचकाइतकेच मानाचे आहे.

१९७९ मध्ये एबीसीने नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगचे हक्क घेतले. ऑलिंपिकच्या प्रक्षेपणांमुळे घराघरात पोहोचलेले जिम मकाय आणि इंग्लंडमध्ये जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले लेखक-विश्लेषक पॉल गार्डनर अशी जोडी जमली. व्हिटेकर-ब्लँचफ्लॉवर यांची रचना पुन्हा सिद्ध झाली. लीगने मात्र नियमांतच बरेच बदल करून ठेवले होते. ऑफसाइडसाठी ३५ यार्डांवर वेगळी रेषा होती, विजयाला सहा गुण आणि गोलांसाठी जादा गुण मिळत, बरोबरी झाली तर ३५ यार्डांवरून धावत येऊन गोल करण्याची ‘शूटआउट’ असे. समालोचकाला खेळ समजावण्याआधी हा हिशेब समजावा लागे. त्यातली एक गोष्ट तेवढी टिकली. गोल करणाऱ्याबरोबर त्याला पास देणाऱ्याचीही नोंद ठेवायची, गोलाला दोन गुण आणि ‘असिस्ट’ला एक गुण धरायचा, ही त्या लीगची पद्धत होती. इंग्लंडमध्ये तेव्हा असे कोणी मोजत नव्हते.

एबीसीला हवे तेवढे प्रेक्षक मिळाले नाहीत. खर्च उत्पन्नाच्या पुढे गेला, संघ एकामागून एक बंद झाले आणि १९८४ च्या हंगामानंतर लीग आटोपली. पुढची काही वर्षे दुष्काळाची गेली. १९९० चा विश्वचषक टीएनटीने दाखवला, तेव्हाही खेळ चालू असताना मध्येच जाहिराती आल्या आणि प्रेक्षक संतापले. त्याच स्पर्धेत स्पॅनिश भाषेतील युनिव्हिजन वाहिनीवर अर्जेंटिनात जन्मलेले आंद्रेस कांतोर यांची गोल झाल्यावरची लांबलचक आरोळी अमेरिकेत घुमली. इंग्रजी न जाणणारे, आणि स्पॅनिश अजिबात न जाणणारेही, त्यांच्यासाठी वाहिनी बदलू लागले. खेळाची भाषा प्रेक्षकासाठी पातळ करण्याची गरज नसते, याचा धडा इंग्रजी कक्षांना या स्पॅनिश कक्षाने दिला. ते ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेतच भरला आणि जाहिरातींची जुनी गाठ तिथे सुटली. ईएसपीएन आणि एबीसी यांनी सर्व ५२ सामने दाखवले, तेही खेळ न तोडता. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ, गोलसंख्या आणि शेजारी प्रायोजकाचे चिन्ह. या छोट्या चौकटीचा प्रवास सांगण्यासारखा आहे. १९९२ मध्ये इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा स्काय स्पोर्ट्सचे ऑस्ट्रेलियन प्रमुख डेव्हिड हिल यांनी ही चौकट कायम पडद्यावर ठेवली. तेच हिल १९९४ मध्ये अमेरिकेत फॉक्सवर आले आणि त्यांनी ती अमेरिकी फुटबॉलच्या सामन्यांवर आणली. आज तिच्याशिवाय कुठल्याही अमेरिकी खेळाचे प्रक्षेपण होत नाही, आणि तिची जन्मभूमी इंग्लिश फुटबॉल आहे. ईएसपीएनच्या कक्षात आयर्लंडमध्ये जन्मलेले आणि हार्वर्डकडून खेळलेले शेमस मॅलिन होते. त्यांच्या संयत विवेचनाने अनेक अमेरिकी निवेदकांना वाट दाखवली.

१९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली तेव्हा घड्याळ उलटे, म्हणजे ४५ वरून शून्याकडे धावत होते, आणि बरोबरी तोडायला जुनी शूटआउट परत आणली होती. २००० च्या हंगामापासून दोन्ही बंद झाल्या आणि अमेरिकी मैदानही जगाच्या घड्याळावर आले. मधल्या काळात १ नोव्हेंबर १९९७ रोजी फॉक्स स्पोर्ट्स वर्ल्ड ही वाहिनी सुरू झाली. २००५ मध्ये तिचे नाव फॉक्स सॉकर चॅनल झाले. तिच्यावर इंग्लंडहून आलेले समालोचन बव्हंशी जसेच्या तसे वाजे. पहाटे साडेचारला कॅलिफोर्नियात आणि साडेसातला न्यूयॉर्कमध्ये उठून ते ऐकणारा एक वर्ग तयार झाला. मोठमोठ्या शहरांत इंग्लिश आणि आयरिश पब सकाळीच दारे उघडत. सामना दाखवण्याचे हक्क महाग असल्याने काही ठिकाणी आत शिरायलाच पैसे मोजावे लागत, आणि लोक ते मोजत. स्टुडिओतल्या अमेरिकी सूत्रसंचालकांनी या काळात हळूहळू आपली भाषा बदलली. ‘टाय’ म्हणजे अमेरिकेत बरोबरी, पण इंग्लंडमध्ये चषक स्पर्धेतली लढत. एकाच वाक्यात दोन्ही अर्थ आले की गोंधळ ठरलेला, म्हणून बरोबरीला ‘ड्रॉ’ म्हणण्याचा रिवाज आधी या स्टुडिओंत पडला आणि मग प्रेक्षकांत.

तरीही मोठ्या स्पर्धांच्या वेळी जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. २००६ च्या विश्वचषकासाठी ईएसपीएनने बेसबॉलच्या समालोचनात नावाजलेल्या डेव्ह ओब्रायन यांना मुख्य जागा दिली. कसलेला आवाज कोणताही खेळ सांगू शकतो, अशी त्यामागची समजूत होती. फुटबॉलच्या चाहत्यांनी हे समालोचन स्वीकारले नाही, आणि त्यांची टीका कठोर होती. ओब्रायन यांच्या कौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. खेळात वर्षानुवर्षे मुरल्याखेरीज शब्द आपोआप ओठांवर येत नाहीत, एवढेच त्या प्रसंगाने दाखवून दिले. ईएसपीएनने टीका गंभीरपणे घेतली. २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतील स्पर्धेसाठी मार्टिन टायलर, इयन डार्क, एड्रियन हीली आणि डेरेक रे या चार ब्रिटिश समालोचकांकडे काम सोपवले गेले. २३ जून २०१० रोजी प्रिटोरियात अल्जीरियाविरुद्ध भरपाईच्या वेळेत लँडन डोनोव्हनने गोल केला आणि अमेरिका पुढच्या फेरीत गेली. त्या क्षणी अमेरिकी घराघरांत जो आवाज उसळला तो इंग्लंडच्या इयन डार्क यांचा होता, शेजारी होते न्यू जर्सीचे जॉन हार्क्स. तो आवाज परका आहे असे त्या दिवशी कोणाच्या मनातही आले नाही.

हार्क्स यांच्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. प्रीमियर लीगच्या पहिल्याच हंगामात ते शेफील्ड वेन्सडेकडून खेळत होते आणि १९९३ च्या लीग कप अंतिम सामन्यात त्यांनी वेम्बलीवर आर्सेनलविरुद्ध गोल केला. इंग्लिश ड्रेसिंग रूममध्ये वर्षे काढलेला अमेरिकी माणूस समालोचन कक्षात आला, की ‘टचलाइन’, ‘फुल बॅक’, ‘फर्स्ट टच’ हे शब्द त्याला आठवावे लागत नाहीत. हार्क्स यांच्यानंतर टॉटनहॅम आणि लेस्टरचे गोलरक्षक केसी केलर, फुलहॅमचे ब्रायन मॅकब्राइड, मँचेस्टर युनायटेड आणि एव्हर्टनचे टिम हॉवर्ड, ॲबर्डीनमध्ये जन्मून टेक्ससमध्ये वाढलेले आणि बोल्टनकडून खेळलेले स्टू होल्डन असे अनेक जण या वाटेने आले. ब्रिटिश जाणकार आणि अमेरिकी निवेदक ही १९६७ ची जोडी त्यांनी अशी उलटी केली, की जाणकारीची खुर्चीही आता अमेरिकी माणसाकडे असू शकते.

देशी आवाज थेट मुख्य खुर्चीवर बसवण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग फॉक्सने २०१३ मध्ये केला. कॉलेज बास्केटबॉलमधल्या उसळत्या समालोचनाने लोकप्रिय झालेले गस जॉन्सन यांना वाहिनीने युरोपीय फुटबॉलचा मुख्य आवाज केले. जॉन्सन यांनी तयारीत कसूर केली नाही. सॅन होजे अर्थक्वेक्सच्या सामन्यांचे रेडिओ समालोचन करून त्यांनी सराव केला. ११ मे २०१३ रोजी वेम्बलीवर विगन ॲथलेटिकने मँचेस्टर सिटीला १-० ने हरवून एफए चषक जिंकला, त्या सामन्याला अमेरिकेत त्यांचा आवाज होता. त्याच महिन्यात चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामनाही त्यांनी सांगितला. बास्केटबॉलमध्ये दर काही सेकंदांना शिखर येते आणि फुटबॉलमध्ये ते दीर्घकाळ येतच नाही. जॉन्सन यांची लय या शांततेशी जुळली नाही. २०१४ मध्ये ते या कामातून बाजूला झाले. प्रयोग फसला, पण अपमान सोसूनही तो मनापासून करणाऱ्या माणसाला या इतिहासात आदराचेच स्थान आहे.

दरम्यान, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये एनबीसीने तीन हंगामांसाठी सुमारे २५ कोटी डॉलर मोजून प्रीमियर लीगचे अमेरिकी हक्क मिळवले होते. १७ ऑगस्ट २०१३ पासून हंगामातले सर्वच्या सर्व ३८० सामने अमेरिकेत उपलब्ध झाले. शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने खुद्द इंग्लंडमध्ये दूरचित्रवाणीवर थेट दाखवण्यास मनाई आहे, कारण त्याने खालच्या श्रेणीतल्या मैदानांवरची गर्दी आटेल अशी तिथे जुनी धास्ती आहे. त्यामुळे लिव्हरपूलमध्ये राहणाऱ्या माणसाला घरी बसून न दिसणारा सामना लुइव्हिलमधला माणूस सकाळी दहाला नाश्ता करताना पाहू लागला.

एनबीसीने सुरुवातीलाच भाषेचा निर्णय घेतला आणि तो या वाटचालीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. खेळाचे अमेरिकीकरण करायचे नाही. मैदानाला ‘पिच’ म्हणायचे, पोशाखाला ‘किट’, शून्याला ‘निल’. गोल न स्वीकारणे म्हणजे ‘क्लीन शीट’. गुणतक्त्याला ‘टेबल’. यजमान संघाचे नाव आधी घ्यायचे. अमेरिकी खेळांत पाहुण्यांचे नाव आधी घेतात आणि या एका फरकाने नवखे प्रेक्षक वर्षानुवर्षे चकत आले होते. तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात ही गोष्ट अमेरिकी क्रीडाव्यवस्थेत नाहीच, म्हणून ‘रेलिगेशन’ला पर्यायी शब्द शोधण्याऐवजी ते प्रेक्षकाला दाखवायचे, आणि शेवटच्या दिवशी सर्व दहा सामने दहा वाहिन्यांवर एकाच वेळी लावायचे. मे महिन्यातल्या त्या रविवारी सतराव्या आणि अठराव्या क्रमांकांतले अंतर किती जीवघेणे असते, हे समजायला मग शब्दकोश लागला नाही.

हा निर्णय ज्यांनी निभावला त्यांची यादी मोठी आहे. मुख्य समालोचक आर्लो व्हाइट हे लेस्टरचे. त्यांनी आधी बीबीसी रेडिओवर अमेरिकी फुटबॉलचे कार्यक्रम केले होते आणि नंतर सिॲटल साउंडर्सचे सामने सांगितले होते. दोन्ही देशांच्या प्रेक्षकांचे कान ओळखणारा माणूस अटलांटिकच्या काठावर शोधूनही दुसरा सापडला नसता. त्यांच्या साथीला इंग्लंडमधल्या मैदानांवर ली डिक्सन आणि ग्रॅएम ल सो हे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू असत. कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्ड येथील स्टुडिओची धुरा रिबेका लो यांनी घेतली. शेजारी विम्बल्डनचे रॉबी अर्ल, मिडल्सब्रोचे रॉबी मस्टो आणि अमेरिकेचे माजी खेळाडू काइल मार्टिनो. लो यांची हातोटी अशी, की नवख्याला अवघडल्यासारखे वाटत नाही आणि जाणत्याला वेळ वाया गेल्यासारखा वाटत नाही. शनिवार-रविवारच्या भल्या पहाटे वर्षानुवर्षे हे साधणे सोपे नव्हे. पडद्यामागे आकडेवारी काढणारे, नावांचे उच्चार तपासणारे, इंग्लंडमधल्या दृश्यांची अमेरिकेतल्या स्टुडिओशी सांगड घालणारे कित्येक हात होते. त्यांची नावे पडद्यावर क्वचितच येतात.

प्रसिद्धीसाठी एनबीसीने २०१३ मध्ये जेसन सुडेकिस यांना घेऊन एक छोटी चित्रफीत केली. टेड लासो नावाचा अमेरिकी फुटबॉलचा प्रशिक्षक टॉटनहॅमची सूत्रे घेतो आणि त्याला या खेळातले काहीच कळत नाही. शब्दांच्या अज्ञानावर उभे असलेले ते पात्र इतके लोकप्रिय झाले, की ऑगस्ट २०२० मध्ये ॲपलवर त्याच नावाची मालिका आली. त्या मालिकेतल्या सामन्यांचे समालोचन आर्लो व्हाइट यांनीच केले.

२०१५ मध्ये एनबीसीने आणखी सहा हंगामांचा करार केला. तोवर शब्दांचा ओघ उलट्या दिशेनेही वाहू लागला होता. ‘असिस्ट’ची नोंद आता प्रीमियर लीग अधिकृतपणे ठेवते आणि इंग्लिश समालोचक तिचा उल्लेख सामन्यागणिक करतात. ‘सॉकर’विषयी मिशिगन विद्यापीठातील स्टीफन झिमान्स्की यांनी २०१४ मध्ये अभ्यास मांडला, की ब्रिटनमध्ये या शब्दाचा वापर १९८० नंतर घसरला, म्हणजे अमेरिकेत तो गाजू लागल्यावर. अमेरिकी समालोचकाने ‘सॉकर’ म्हटले की त्याला अडाणी ठरवणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवे. कक्षांतही आता समजूतदार तडजोड आहे. इंग्लिश सामना सांगताना ‘फुटबॉल’, देशी लीग सांगताना ‘सॉकर’, आणि गोलच्या वरच्या कोपऱ्याला ‘अपर नाइंटी’ म्हणण्याची खास अमेरिकी लकब दोन्हीकडे.

२०१८ च्या विश्वचषकात फॉक्सने ओरेगनचे जॉन स्ट्राँग आणि स्टू होल्डन यांच्याकडे अंतिम सामन्यासह मुख्य काम दिले. गस जॉन्सन यांच्याबाबतीत राहून गेले होते ते इथे जमले, कारण स्ट्राँग लहानपणापासून याच खेळात मुरलेले होते. त्याच स्पर्धेत ॲली वॅग्नर या अमेरिकी दूरचित्रवाणीवर पुरुषांच्या विश्वचषकाचे समालोचन करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. २०१९ मध्ये प्रीमियर लीगचा परिचित आवाज असलेले जॉन चॅम्पियन ईएसपीएनवर अमेरिकी लीग सांगू लागले, जोडीला टेलर ट्वेलमन. २०२० मध्ये सीबीएस, म्हणजे १९६८ नंतर हात आखडता घेतलेली तीच वाहिनी, चॅम्पियन्स लीगसह परतली. केट ॲब्डो, तिएरी आँरी, मायका रिचर्ड्स आणि जेमी कॅरागर यांचा तिचा लंडनमधला स्टुडिओ ब्रिटनमधले प्रेक्षकही आवर्जून पाहू लागले.

एनबीसीएसएन ही एनबीसीची क्रीडा वाहिनी २०२१ च्या अखेरीस बंद झाली. सामने यूएसए नेटवर्क ही वाहिनी आणि पीकॉक ही स्ट्रीमिंग सेवा यांच्याकडे गेले, तसे काही जुने प्रेक्षक नाराजही झाले. परंतु त्याच वर्षी प्रीमियर लीगबरोबर सुमारे २७० कोटी डॉलरचा, २०२८ पर्यंतचा नवा करार झाला. २०२२ मध्ये आर्लो व्हाइट यांच्या जागी पीटर ड्रुरी आले. जगभर पाठवल्या जाणाऱ्या समालोचनामुळे त्यांचा आवाज अमेरिकेला आधीच पाठ होता. टेलिमुंडोवर स्पॅनिश प्रेक्षकांसाठी आंद्रेस कांतोर कार्यरत आहेत. २०२२ च्या विश्वचषकात इयन डार्क यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते लँडन डोनोव्हन. २०२४-२५ च्या हंगामापासून प्रीमियर लीगखालच्या तीन श्रेणींचे आणि लीग कपचे हक्कही सीबीएसकडे आले असून १९६७ मध्ये क्लीव्हलँडच्या नावाने खेळलेल्या स्टोक सिटीचे सामने आता अमेरिकेत त्याच्या स्वतःच्या नावाने दिसतात.